सोनेरी वहीतली शेवटची ओळ

ही गोष्ट मी आजवर अर्धीच सांगत आलो आहे. नॉटिंगहॅममधल्या आमच्या मंडळींच्या कार्यक्रमांत किंवा नातीच्या शाळेत कोणी "तुमच्या सुरुवातीच्या दिवसांतलं काही सांगा ना" म्हटलं की मी त्या जर्मन घराबद्दल बोलायचो. घरातल्या घरात निघणारी कागदी कंदिलांची मिरवणूक, दाराबाहेर ठेवलेल्या बुटांत सकाळी सापडणारे अक्रोड, आणि कापसाची दाढी लावून मी झालेला संत निकोलस. लोक हसायचे. नात तर डिसेंबर आला की "आजोबा, ती दाढीची गोष्ट" म्हणून मागे लागायची.

दाढी लावून मी काय वाचलं, ते मी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. माझी पंचाहत्तरी उलटली आहे. उरलेली अर्धी गोष्ट आता लिहून ठेवतो.

सत्तरच्या दशकात मी नॉटिंगहॅमला कापडाच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला आलो. वय चोवीस. खोली मिळवणं हाच पहिला अभ्यास होता. खिडकीत 'खोली भाड्याने' अशी चिठ्ठी असायची आणि दार उघडून माझा चेहरा पाहिला की खोली आत्ताच गेलेली असायची. असे पाच दरवाजे झाले. सहावा दरवाजा एका उंच, थोड्या वाकलेल्या माणसाने उघडला. पाऊस पडत होता. तो म्हणाला, "आधी आत ये, भिजतोयस. बाकीचं नंतर बोलू." तो सायकलच्या कारखान्यात टूलरूममध्ये कामाला होता. बायको घरी पडदे शिवायची. आठ वर्षांची एक मुलगी. गल्लीत सगळे त्यांना 'हॉलंडवाले' म्हणत, मीही पहिले दोन आठवडे तेच समजत होतो.

मग एका रविवारी घरमालकाने मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. मालकीणबाई शिवणयंत्र थांबवून दारात उभ्या राहिल्या.

"तू या घरात राहणार. तुझ्या कानावर पडणारच, म्हणून सांगतो," तो म्हणाला. "आम्ही हॉलंडचे नाही. जर्मनीचे आहोत. मी एकोणीस वर्षांचा असताना पकडला गेलो. इथेच कैदी होतो, शेतावर बटाटे काढायचो. सुटल्यावर परत जायला घर उरलं नव्हतं, म्हणून राहिलो."

आधी ते दुसऱ्या गावात राहत होते आणि तिथे त्यांनी खरं सांगितलं होतं. तिथे त्यांच्या खिडकीची काच दोनदा फुटली. दुकानात मालकीणबाईंना सगळ्यात शेवटी सामान मिळायचं. मुलगी झाली तेव्हा त्यांनी गाव सोडलं आणि इथे येऊन ते डच झाले.

"शेजारच्या बाईंचा भाऊ युद्धात जहाजाबरोबर बुडाला. आमच्या पाणबुडीने बुडवलं ते जहाज. त्या बाई माझ्या मुलीला स्वतःच्या मुलीबरोबर रोज शाळेत नेतात. वाढदिवसाला केक पाठवतात. त्यांना कळलं तर काय होईल, मला माहीत नाही. माझ्या मुलीने वचन दिलंय. घरात जर्मन, दाराबाहेर इंग्रजी. ती आठ वर्षांची आहे, पण एकदाही चुकली नाही. तुझ्या पोटात राहील ना?"

मी म्हणालो, "राहील."

त्याच वेळी माझंही काही सांगता आलं असतं. आमचं घर दीक्षा घेतलेलं. पुण्याला शिकत असताना मी दुसऱ्याच एका गावाच्या नावाला 'कर' लावून नवीन आडनाव घेतलं आणि एका पेठेत खोली मिळवली. चार महिने सुखाने राहिलो. मग वडिलांचं पोस्टकार्ड आलं आणि त्याच्या माथ्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे 'जयभीम' लिहिलं होतं. पोस्टमनने ते घरमालकिणीच्या हातात दिलं. तिने काही आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी नळाजवळची माझी बादली बाहेर ठेवलेली होती, एवढंच. तेव्हापासून मी वडिलांना बजावून ठेवलं होतं की पाकिटातच पत्र घाला. त्या टेबलाशी बसून हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी बोललो नाही. पण मनात म्हटलं, हे घर मला कळतं.

अकरा नोव्हेंबर हा त्यांचा संत मार्टिनचा दिवस. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने अर्धा कापून देणारा तो शिपाई. त्यांच्याकडे त्या संध्याकाळी मुलं कंदील घेऊन रस्त्यातून गात जातात. इथे ते शक्य नव्हतं, कारण इंग्लंडमध्ये ते दिवस युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचे. सगळ्यांच्या कोटावर लाल कागदी फूल. मालकही ते लावून कामावर जायचा. त्या दिवसांत एका जर्मन घरातून कंदील आणि गाणी बाहेर पडणं म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून त्यांची मिरवणूक घरातच निघायची. पडदे ओढून, दिवे मालवून, स्वयंपाकघरातून जिन्यावर आणि जिन्यावरून परत खाली.

त्या वर्षी मुलीने मला विचारलं, "तुमच्याकडे कंदील असतात?"

"असतात की. आमच्या वस्तीत वैशाखातल्या पौर्णिमेला दारादारांवर लावतात."

"मग तुमचा कर."

आम्ही बागेतल्या वेलांसाठी ठेवलेल्या बारीक काठ्या कापल्या, पतंगाचा कागद आणला, पिठाची खळ केली. चांदणीचा आकार दिला आणि खाली लांब झिरमिळ्या सोडल्या. मुलीला त्या झिरमिळ्या इतक्या आवडल्या की तिने स्वतःच्या गोल कंदिलालाही तशाच लावल्या. संध्याकाळी आम्ही चौघं एकामागे एक निघालो. गाणं अगदी दबक्या आवाजात, भिंतीपलीकडे जाऊ नये इतकं. पुढे मुलगी, तिच्यामागे मी. जिन्याच्या वळणावर ती मागे वळून म्हणाली, "शेपट्या सांभाळ, पेटतील." तो त्या घरातला माझा सगळ्यात चांगला दिवस होता.

त्या वर्षी दिवाळी उशिरा आली होती. कंदिलांनंतरच्या रविवारी एका मराठी डॉक्टरांकडे फराळाला बोलावणं आलं. ते इथल्या हॉस्पिटलमध्ये होते. पाच-सहा कुटुंबं होती. दोन महिन्यांनी मराठी कानावर पडत होतं. वहिनी चकलीचं ताट पुढे करत म्हणत होत्या, "घ्या हो, लाजू नका. इथली भाजणी आहे, जरा कडक झालीय." सोफ्यावर डॉक्टरांच्या आई बसल्या होत्या, नुकत्याच भारतातून आलेल्या. त्यांनी मला शेजारी बसवलं.

"काय आडनाव म्हणालास बाळ?"

मी सांगितलं.

"हे कुठले रे? कोकणातले की देशावरचे?"

"देशावरचे, आजी."

"गाव कोणतं?"

मी तालुक्याचं नाव सांगितलं, गावाचं नाही.

"अगंबाई, तिकडचे का? तिकडे आमच्या नणंदेचं सासर आहे. कुलदैवत कोणतं तुमचं?"

त्या सहज विचारत होत्या. वाईट हेतू नव्हता, आमच्याकडे माणूस कळून घ्यायची रीतच ती आहे. पण आजूबाजूचं बोलणं थांबल्यासारखं मला वाटलं. वहिनी ताट घेऊन उभ्या होत्या. डॉक्टर बघत होते. बाहेर ठेवलेली ती बादली मला दिसली. हातातली चकली मोडली. आणि मी म्हणालो, "आजी, कुलदैवताचं सोडा, आमच्या घरमालकाची गंमत ऐका!"

मग मी सांगत सुटलो. गल्लीभर डच म्हणून वावरणारा जर्मन. लाल फूल लावून कामावर जाणारा जुना शिपाई. पडदे ओढून निघणारी मिरवणूक. "आणि त्यात आपला दिवाळीचा आकाशकंदीलही होता बरं का, झिरमिळ्यांसकट! मीच केला." मी दबकं गाणं म्हणून दाखवलं, वाकून चालून दाखवलं. खोली हसत होती. एकजण म्हणाला, "काय राव, तू तर नाटकात पाहिजे होतास." आजींना कुलदैवताचा विसर पडला.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठली गल्ली म्हणालास?"

मी सांगितली.

"अरे, आमच्या वॉर्डची सिस्टर तिथेच राहते! उद्या ड्युटीवर सांगतोच तिला."

"नको हो, डॉक्टर," मी म्हणालो. हे मी हसत हसत म्हणालो. त्याच वेळी उठून, हात धरून, गंभीरपणे सांगितलं असतं तर ते थांबले असते. पण गंभीर झालो असतो तर पुन्हा सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे आलं असतं. वहिनींनी मला दुसरं ताट वाढलं आणि मी ते संपवलं.

पुढचे दहा-बारा दिवस काहीच घडलं नाही. मला वाटलं, डॉक्टर विसरले. मी शेजारच्या बाईंना येता-जाता पाहायचो, त्या मान हलवायच्या. मग नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी त्या आमच्या फाटकाशी आल्या. हातात मालकीणबाईंचा केकचा डबा होता. त्या फाटकाच्या आत आल्या नाहीत. मी वरच्या खिडकीत होतो, खिडकी किंचित उघडी होती.

"तुमचा डबा," त्या म्हणाल्या. "सहा तारखेला माझी मुलगी येणार नाही."

"बरं नाही का तिला?"

"बरं आहे. हॉलंडमधलं कुठलं गाव म्हणाला होतात तुम्ही?"

मालकीणबाई डबा धरून उभ्या राहिल्या.

"आम्ही आमच्या माणसांसाठी माना खाली घालतो तेव्हा तुम्ही आत पडदे ओढून कंदील नाचवता म्हणे. लांब शेपट्यांचे." बाईंचा आवाज चढला नव्हता. "मला तुम्ही सांगितलं असतंत तर... जाऊ दे. मला माहीत नाही मी काय केलं असतं."

सहा डिसेंबर म्हणजे संत निकोलसचा दिवस. त्या संध्याकाळी गल्लीतली पाच मुलं येणार होती. त्यांना 'डच रीत' म्हणूनच बोलावलेलं होतं. त्या आठवड्यात उरलेल्या चारही घरांतून कोणाला सर्दी, कोणाला पाहुणे असे निरोप आले. सोमवारपासून मालकीणबाई मुलीला स्वतः शाळेत सोडायला लागल्या.

त्याच सोमवारी चहाच्या वेळेला स्वयंपाकघरातून आवाज आले. मी जिन्यावर थांबलो. ते जर्मनमध्ये बोलत होते, पण तेवढं मला तोवर कळायला लागलं होतं.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"मग शेपट्या कशा कळल्या त्यांना? भिंतीतून दिसत नाहीत शेपट्या."

"मी नाही सांगितलं, बाबा."

"मी मारणार नाहीये तुला. खरं सांग."

"नाही ना सांगितलं!"

मी खाली उतरलो. बोलायचं ठरवूनच उतरलो होतो, हे मी आजही शपथेवर सांगेन. स्वयंपाकघरात गेलो. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पाठीमागे. मालकाने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर संशयाचा लवलेशही नव्हता.

"माफ कर," तो म्हणाला. "आमच्या घरातलं तुला ऐकावं लागतंय. चौघांनाच माहीत होतं हे. आम्ही दोघं बोलणार नाही. तू कोणाला सांगणार? तुझं इथे आहे कोण?"

मुलीनेही माझ्याकडे पाहिलं. मी पेलाभर पाणी घेतलं आणि वर गेलो.

खोली जाईल ही भीती होती, नाही म्हणत नाही. पण खरी भीती दुसरीच होती. का सांगितलंस, असं त्याने विचारलं असतं. मग आजींचा प्रश्न सांगावा लागला असता, बादली सांगावी लागली असती. स्वतःला झाकायला मी त्यांना उघडं पाडलं, हे त्या माणसाला सांगायचं होतं ज्याने मला पावसातून आत घेतलं होतं.

निकोलस मी व्हायचं हे आधीच ठरलं होतं. आदल्या वर्षी मुलीने बापाचे बूट ओळखले होते. "आणि तसाही तो निकोलस तुमच्या बाजूचा," हे ठरलं तेव्हा मालक गमतीने म्हणाला होता. "आशियातला माणूस, आताच्या तुर्कस्तानातला. माझ्यापेक्षा तुझाच चेहरा त्याच्या जवळचा." आता मालकीणबाई म्हणत होत्या की यंदा राहू दे. मालक ऐकेना.

"हे मिटवायचंय मला," तो म्हणाला. "माझ्याशी खोटं बोलेल, पण निकोलसशी बोलणार नाही. तिने एकदा खरं सांगितलं की संपलं. मी तिला जवळ घेईन. राग वचन मोडल्याचा नाहीये, खोटं बोलण्याचा आहे."

त्यांच्या रीतीत निकोलसकडे एक सोनेरी वही असते. मुलांनी वर्षभर काय चांगलं केलं, काय वाईट, सगळं त्यात लिहिलेलं. निकोलस ते वाचून दाखवतो. लिहितात अर्थात आईबाप. जुन्या वहीला सोनेरी कागद चढवलेला होता. सहा तारखेला दुपारी मालकाने ती मला दिली. मी वाचली. शेवटची ओळ वाचली. ती ओळ वाचायची नाही, असं ठरवलं, आणि तिच्या वर नखाने खूण केली. इथे थांबायचं.

पाच वाजता मालकीणबाईंनी मला सजवलं. त्यांचा लाल ड्रेसिंग गाऊन, पुठ्ठ्याची उंच टोपी, कापसाची दाढी गालांवर डोळ्यांपर्यंत. माझा चष्मा काढून घेतला. हातांसाठी पांढरे मोजे. "हात ओळखेल ती," त्या म्हणाल्या.

बैठकीच्या खोलीत एकच दिवा होता. टेबलावर सहा मुलांसाठी केलेली बिस्किटं होती आणि समोर एकच मुलगी उभी होती. तिने वेण्या घातल्या होत्या. बाप दाराशी, आई खिडकीशी. चष्मा नसल्याने तिचा चेहरा मला पुसट दिसत होता, आणि मला त्याचं बरं वाटलं.

मी आवाज जाड करून वाचायला लागलो. या वर्षी तू सायकल शिकलीस. आईला सुईत दोरा ओवून देतेस. ती हसली. पावाच्या कडा तू हीटरमागे लपवतेस. ती खाली बघून अजून हसली. मग खूण आली. मी वही मिटायला लागलो.

"संत निकोलस," दाराशी उभा असलेला बाप हळूच म्हणाला, "अजून एक ओळ आहे ना?"

मी वही परत उघडली.

"तू एक वचन मोडलंस," मी वाचलं. माझा आवाज कापत होता. "घरातली गोष्ट तू बाहेर सांगितलीस. खरं आहे का?"

"नाही," ती म्हणाली.

पुन्हा एकदा विचारावं, असं खाली लिहिलं होतं. मी विचारलं.

तिने दाढीकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. मग वहीकडे बोट दाखवलं.

"तिथे लिहिलंय?"

"हो."

"देवाघरच्या वहीत?"

मी मान हलवली.

ती बराच वेळ विचार करत होती. आठ वर्षांचं मूल मनातल्या मनात काही शोधताना कसं दिसतं, ते मी पुसट का होईना, पाहिलं.

"मग मी सांगितलं असेल," ती म्हणाली.

"'असेल' नाही," बाप म्हणाला.

"मी सांगितलं."

बापाने दोन ढांगांत येऊन तिला उचललं. तो रडत होता. "संपलं, संपलं," म्हणत होता. आईही रडत होती. सगळं फार प्रेमाने झालं. मोज्याच्या हाताने मी पोतडीतून संत्रं काढून तिला दिलं. मग दुसरंही दिलं. मुलांना एकेकच द्यायचं असतं.

फेब्रुवारीत ते कार्डिफला गेले. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. जाताना मालकाने स्वतः खटपट करून एका सहकाऱ्याच्या घरी माझी सोय लावून दिली. निरोप घेताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू आमचं झाकून ठेवलंस. विसरणार नाही."

मी इथेच राहिलो. नोकरी, लग्न, मुलं. पुढे आमची संघटना उभी राहिली. मी भाषणं करू लागलो. बादलीची गोष्ट मी शेकडो लोकांसमोर सांगितली आहे, जात लपवण्याची लाज लोकांसमोर काढून टाकली आहे. टाळ्या घेतल्या आहेत. फराळाच्या त्या खोलीतली गोष्ट मात्र सांगितली नाही. दर नाताळात कार्डिफहून कार्ड यायचं. आधी मालकाचं, तो गेल्यावर मालकीणबाईंचं, मग मुलीचं.

मागच्या ऑक्टोबरात धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाला कार्डिफला बोलावणं आलं. मी तिला कळवलं. तिने चहाला बोलावलं. ट्रेनमध्ये पूर्ण वेळ मी एकच वाक्य घोकत होतो, इंग्रजीत.

तिने दार उघडलं. साठीची बाई, शिक्षिका होती, आता निवृत्त. वाकलेली उंची बापाची. केक केला होता. नवरा बागेत होता. इकडचं तिकडचं झालं आणि मी वाक्य सुरू करणार, एवढ्यात तीच हसून म्हणाली, "तुम्हाला आठवतं ना, आम्हाला ते घर माझ्यामुळे सोडावं लागलं?"

"त्यात तुझा..." मी म्हणालो.

"असू द्या हो. मी स्वतःला ओळखते. मैत्रिणी काही मनातलं सांगायला लागल्या की मी सांगते, बायांनो, मला नका सांगू, मी ठेवू शकत नाही. नवरा म्हणतो, हिच्याशी फक्त हवेवर बोलावं." ती हसली. मग कप खाली ठेवला. "गंमत सांगू? कोणाला सांगितलं ते मला आठवत नाही. पन्नास वर्षं आठवून बघतेय. शेजारच्या मैत्रिणीला? शाळेत बाईंना? काहीच नाही. म्हणजे लक्षातही राहू नये इतकं सहज सांगून टाकलं असणार. बाबा शेवटच्या आजारपणात म्हणाले, तुला मी केव्हाच माफ केलंय. ते जास्त लागलं मला."

मी बशी घट्ट धरली होती.

"तुम्हाला सांगते, त्या दिवशी मी आधी नाहीच म्हणत होते. वहीत लिहिलंय म्हटल्यावरही माझी अर्धीच खात्री पटली. पण निकोलसचा आवाज कापत होता. मला वाटलं, एवढ्या मोठ्या संताला माझ्यासाठी रडू येतंय, म्हणजे मी नक्कीच केलंय. नंतर आईने सांगितलं, तो निकोलस तुम्ही होतात."

त्या वेळी बोलायला हवं होतं. माझं वाक्य तयार होतं. मी म्हणालो, "केक छान झालाय."

तिने मला गाडीने स्टेशनवर सोडलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी सुरुवात केली, "त्या संध्याकाळबद्दल मला काही..." तिने स्टिअरिंगवरचा एक हात उचलून माझ्या हातावर ठेवला. "तुम्ही काय केलंत त्यात? हातात दिलं ते वाचलंत. मी तुम्हाला कधीच दोष दिला नाही." जी चूक माझी नव्हती, तिच्यासाठी ती मला मोकळं करत होती. सिग्नल हिरवा झाला.

घरी येऊन पत्र लिहायला घेतलं. पाच खर्डे झाले. प्रत्येकात आधी पुण्याची खोली यायची, मग पोस्टकार्ड, मग आजींचा प्रश्न, आणि पाच पानांनंतर मी काय केलं ते. वाचून बघितल्यावर माझं मलाच कळायचं की ही माफी नाही, वकिली आहे. फाडायचो. सहावा खर्डा लिहीन, सावकाश लिहीन, असं म्हणत नाताळ गेला. जानेवारीत तिच्या नवऱ्याचं पत्र आलं. डिसेंबरात ती हॉस्पिटलमध्ये गेली होती, घरी परत आली नाही. त्याने लिहिलं होतं, तुमच्या भेटीने तिला फार आनंद झाला होता.

सहावा खर्डा एकाच पानाचा झाला. तो इंग्रजीत आहे, टेबलाच्या खणात आहे. मराठीत तो असा:

तू कोणाला सांगितलं नव्हतंस. मी सांगितलं. दिवाळीच्या फराळाला, लोकांना हसवायला, माझ्याकडे कोणी बघू नये म्हणून. तुला आठवत नव्हतं, कारण आठवायला काही नव्हतंच. तू आधी नाही म्हणालीस. तेच खरं होतं, आणि ते खरं आहे हे त्या खोलीत एका माणसाला माहीत होतं. त्याचा आवाज त्यामुळे कापत होता. मला माफ कर.